चार विभाग, एक प्रश्न आणि रामटेकची वानरं : नागपुरात आंतरविद्याशाखीय काम सुरू करणाऱ्यांसाठी

"उत्क्रांती, मन आणि माणसाचं वागणं यावर सगळ्या विभागांनी मिळून काहीतरी करायला पाहिजे," हे वाक्य नागपुरात वर्षातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतं. बहुतेकदा सेमिनारच्या जेवणात. आमच्या बाबतीत ते रविनगर चौकात तर्री-पोहे खाताना बोललं गेलं, आणि आम्ही ते मनावर घेतलं.

मी इथल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आमचा पहिला प्रयत्न आठ महिन्यांत बारगळला. उद्घाटन झालं, शाल-श्रीफळ झालं, पेपरात फोटो आला आणि तिसऱ्या बैठकीला मी आणि तत्त्वज्ञानाचे सर असे दोघंच उरलो. दुसरा प्रयत्न टिकला. आम्ही काही जास्त हुशार झालो नव्हतो. पहिल्या वेळी जे बोलायचं, ठरवायचं राहून गेलं होतं ते दुसऱ्या वेळी आधी ठरवलं, इतकंच. तुम्ही नव्यानं नोकरीला लागलेले असा की पीएच.डी.ला नाव नोंदवून विषय शोधत असा, खालचा क्रम एकदा डोळ्यांखालून घाला.

१. प्रश्न एकच घ्या, आणि तो लहान घ्या

पहिल्या वेळी आमच्या प्रकल्पाचं नाव होतं "भारतीय मनाची उत्क्रांती". नाव ऐकून सगळ्यांना बरं वाटलं, पण सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं हे कुणालाच कळेना. दुसऱ्या वेळचा प्रश्न असा होता : रामटेकच्या गडावर येणारी माणसं वानरांना काय देतात, का देतात आणि त्यानं वानरांचं व माणसांचं वागणं कसं बदलतं?

प्रश्न बरा आहे की नाही हे तपासायची एक सोपी कसोटी आहे. मनातल्या मनात एकेक विभाग वजा करून बघा. वजा केल्यावरही प्रश्नाचं उत्तर मिळत असेल तर त्या विभागाला तुम्ही केवळ शोभेसाठी बोलावताय. ती मंडळी तिसऱ्या बैठकीनंतर येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आमच्यापुढे आणखी दोन विषय होते. एक मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, बडगे असे मोठाले पुतळे मिरवणुकीनं निघतात, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत हजारो अनोळखी माणसं एका सुरात ओरडतात. एकत्र ओरडल्यानं, एका तालात चालल्यानं माणसं एकमेकांना जवळची वाटू लागतात का, हा फार सुंदर प्रश्न आहे. पण मारबत वर्षातून एकदाच निघते. त्या दिवशी पाऊस आला, कॅमेरा बंद पडला किंवा विद्यार्थी गर्दीत हरवले, की पुढच्या पोळ्यापर्यंत हात चोळत बसायचं.

दुसरा विषय सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा. विदर्भात बसून उत्क्रांतीवर काम करायचं तर याहून जवळचं उदाहरण नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढासा तो बदल. तो एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक होतो आणि गंभीर मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. दोन्हीकडून आला तर आजार होतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे हा बदल टिकून का राहिला, ते यातून कळतं. पुढे लग्न जुळवताना सिकलसेल तपासणीचं कार्ड दाखवायचं की लपवायचं, घरात दोष कुणाला द्यायचा, हे सगळं मानसशास्त्राचं आणि समाजशास्त्राचं. तरीही सांगते, पहिला प्रकल्प म्हणून हा विषय घेऊ नका. रक्ताची तपासणी, रुग्णांची गोपनीयता, समाजावर बसणारा शिक्का, या सगळ्याची जबाबदारी नवख्या गटाला पेलत नाही. दुसरा किंवा तिसरा प्रकल्प म्हणून जरूर घ्या, तोही डॉक्टरांना पुढे ठेवून.

२. माणसं कुठे शोधायची

नागपूरकरांना आपल्या शहरात काय काय आहे याचा पत्ता नसतो, हे मी स्वतःवरून सांगते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे (स्थापना १९२३) पदव्युत्तर विभाग अमरावती रस्त्यावरच्या परिसरात आहेत. तिथे प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हाही विभाग आहे, ज्याच्याकडे आम्ही पहिल्या वेळी ढुंकूनही पाहिलं नाही. त्याशिवाय भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र, पशुवैद्यकीय महाविद्यालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स, प्रादेशिक मनोरुग्णालय आणि १८६३ सालचा आपला अजब बंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, हे सगळं एकाच शहरात आहे. पुण्या-मुंबईकडे बघत बसायची गरज नाही.

जाता जाता एक आठवण. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप धर्मप्रसारक म्हणून नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या चालीरीती आणि गाणी टिपून ठेवली, आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून वारले. भूशास्त्र, मानववंशशास्त्र, पुरातत्त्व सगळं एका माणसात. आज तेवढ्याच कामासाठी आपल्याला चार विभागप्रमुखांच्या सह्या लागतात.

सह्यांचा विषय निघालाच आहे तर ऐका. ज्या विभागात तुमची मैत्रीण आहे तिथे थेट तिच्याकडे जाऊन काम सुरू करू नका. आधी विभागप्रमुखांना एक पानी पत्र द्या, मग मैत्रिणीला भेटा. मी उलटं केलं. "आमच्या विभागातल्या मॅडम कुठे जातात ते आम्हाला बाहेरून कळतं," हे वाक्य मला भर कॉरिडॉरमध्ये ऐकावं लागलं आणि पुढचे दोन महिने ते निस्तरण्यात गेले.

सुरुवातीला चार ते सहा माणसं पुरेत. त्यात एक तरी अशी हवी जिला आकडेवारी येते, आणि एक अशी जिला "पण याचा अर्थ काय?" असं विचारायची लाज वाटत नाही. आमच्याकडे दुसरं काम तत्त्वज्ञानाचे सर करतात, आणि ते फार त्रासदायक काम आहे.

सापळा : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार विद्यापीठात चार विद्याशाखा आहेत आणि त्यातल्या एकीचं नावच "आंतरविद्याशाखीय अभ्यास" आहे. नाव वाचून आमचा अर्ज आम्ही तिकडेच नेऊन दिला. त्या विद्याशाखेत शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण असे विषय येतात. प्राणिशास्त्र विज्ञान व तंत्रज्ञानाकडे, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान मानव्यविद्येकडे. म्हणजे तुमचा कागद दोन अधिष्ठात्यांकडून जाणार हे धरून चाला. अर्ज फिरून परत येईपर्यंत आमचा एक सत्रारंभ निघून गेला.

३. शब्दांची वही घाला

हा टप्पा कुणी सांगत नाही. माझ्या मते सगळं काम यावरच उभं राहतं किंवा पडतं, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्या वेळच्या दुसऱ्या बैठकीत आम्ही दोन तास भांडलो आणि शेवटी लक्षात आलं की भांडण शब्दाचं होतं. प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, वानरांमध्ये परोपकार दिसतो. तत्त्वज्ञानाचे सर उसळले, हेतू नसताना परोपकार कसला? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. जीवशास्त्रात स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याच्या प्रजननाला फायदा झाला की त्याला परोपकार म्हणतात. मनात काय होतं याच्याशी घेणंदेणं नाही. नात्यातल्यांसाठी असं वागणं का टिकतं याचं गणित जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टननं १९६४ मध्ये मांडलं, तेही हेतू बाजूला ठेवूनच. नीतिशास्त्रात हेतू काढला तर परोपकार उरतच नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही दोनशे पानी वही घेतली. डावीकडे शब्द, उजवीकडे प्रत्येक विभागाचा अर्थ, खाली या प्रकल्पापुरता ठरलेला अर्थ. सुरुवातीला या शब्दांवर बसा :

वर्तन. शाळेच्या दाखल्यावर "वर्तन : चांगले" असं लिहिलेलं असतं. मराठी माणसाच्या डोक्यात हा शब्द चांगल्या-वाईटाच्या रंगातच येतो. आपल्याला हवंय ते फक्त दिसणारं, मोजता येणारं वागणं.

उत्क्रांती. बोलीत याचा अर्थ प्रगती, वर चढत जाणं. जीवशास्त्रात वर-खाली काही नाही. पिढ्यानपिढ्या एखाद्या समूहातली आनुवंशिक लक्षणं बदलत जाणं, बस. वानर हा माणसाच्या खालची पायरी नव्हे. आपला आणि त्याचा पूर्वज एक, आणि तेव्हापासून दोघंही सारखाच काळ बदलत आलेत.

अनुकूलन आणि समायोजन. आमच्या मानसशास्त्रात हे शब्द एका माणसाच्या आयुष्यातल्या जुळवून घेण्याला लावतात. प्राणिशास्त्रात अनुकूलन हजारो पिढ्यांत घडतं. "रामटेकच्या वानरांचं बिस्किटांशी अनुकूलन झालं" असं वाक्य एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं. मला ते खटकलं नाही, मॅडमनी लाल पेनानं गोल केला.

नैसर्गिक. हा सर्वात घातक. निसर्गात दिसतं म्हणून योग्य, असा अर्थ ऐकणारा आपसूक लावतो. तो लागू द्यायचा नाही.

एकाच निरीक्षणाचे दोन अर्थ कसे निघतात याचं उदाहरण वानरांतच आहे. नवा नर कळपाचा ताबा घेतो तेव्हा कधीकधी आधीची पिल्लं मारतो. जपानी संशोधक सुगियामा यांनी हे धारवाडजवळ १९६० च्या दशकात नोंदवलं. काहींनी त्याला गर्दीमुळे बिघडलेलं वागणं म्हटलं. पुढे मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या माउंट अबूच्या वानरांवर काम करून वेगळं सांगितलं : पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, म्हणजे नव्या नराचा त्यात प्रजननाचा फायदा आहे. वाद बरीच वर्षं चालला. तुमच्या गटात असा वाद झाला तर घाबरू नका, फक्त दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत ना, तेवढं वहीत बघा.

४. "का?" चे चार तुकडे करा

शब्द ठरले की "का" या शब्दाकडे वळा. निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये प्राण्यांच्या वागण्याबद्दल चार वेगळे प्रश्न विचारायला सांगितलं. (१९७३ च्या नोबेलमध्ये ते लोरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर होते.) ही चौकट आमच्या फळ्यावर कायमची लिहिलेली आहे.

समजा विचारलं, गडावरचं वानर माणसाच्या हातातली पिशवी का ओढतं?

यंत्रणा : पिशवी दिसली, तिचा आवाज आला, भूक होती.
घडण : पिल्लू असताना आईला ओढताना पाहिलं, मग स्वतः करून पाहिलं.
उपयोग : थोड्या वेळात जास्त ऊर्जा मिळते, पानं चघळण्यात तास जातात.
वंशेतिहास : वानरं ज्या गटातली आहेत त्या गटाचं पोट अनेक कप्प्यांचं, पानं आंबवून पचवणारं आहे. फुटाणे आणि क्रीमची बिस्किटं त्या पोटाला नवीन आहेत.

चारही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात. बैठकीत निम्मी भांडणं होतात ती एकजण पहिलं उत्तर देतो आणि दुसरा तिसरं, म्हणून.

आता हेच माणसाला लावून बघा. केळं देणारी आजी ते का देते? तिला विचाराल तर ती मारुतीचं नाव घेईल, आणि गड रामाचा आहे हे तर आहेच. नातवाला हसताना बघायला आवडतं, हेही एक कारण. इथे तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायची खुमखुमी आवरा. "आपले पूर्वज सवाना गवताळ प्रदेशात असताना..." अशी सुरुवात झाली की आमचे सर टेबलावर पेन वाजवतात. गोष्ट छान जुळते म्हणून ती खरी नसते. ती चुकीची असती तर काय दिसलं असतं, हे सांगता आलं पाहिजे.

मानसशास्त्रवाल्यांनी तर जास्तच जपून. २०१५ मध्ये १०० प्रकाशित मानसशास्त्रीय अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होता; पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांतच तसा आला. त्यात भर म्हणजे जगभरातलं बरंचसं मानसशास्त्र पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू देशांतल्या विद्यार्थ्यांवर उभं आहे, याकडे हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बोट दाखवलं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य रामटेकच्या यात्रेकरूला जसंच्या तसं चिकटवू नका.

५. जात आणि वंश यांबद्दल पहिल्याच दिवशी बोला

हे अवघड वाटतं म्हणून लोक टाळतात. नागपुरात टाळता येत नाही, आणि टाळूही नये. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी लोकांची नाकं मोजून जातींची वांशिक उतरंड लावली होती. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अशाच मोजमापांचे आकडे हाती घेऊन वंशभेदाचा तो सिद्धांत खोडून काढला. दीक्षाभूमीच्या शहरात "वर्तनाचा आनुवंशिक आधार" असं पोस्टर लावलंत तर लोक प्रश्न विचारणारच, आणि त्यांना विचारायचा अधिकार आहे.

आम्ही दोन नियम लिहून ठेवले. एक, प्रश्नावलीत जात विचारायची असेल तर ती कशासाठी हवी हे एका वाक्यात लिहून दाखवायचं. लिहिता आलं नाही तर रकाना काढायचा. आमच्या प्रकल्पातून तो निघाला. दोन, गटांमधला फरक दिसला म्हणून तो जन्मजात आहे असं कधीही लिहायचं नाही.

६. श्रेय आणि माहिती कुणाची, हे कागदावर

विभागांच्या रीती वेगळ्या असतात. जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं आणि त्याला मान असतो. आमच्याकडे शेवटचं नाव म्हणजे सर्वात कमी काम. तत्त्वज्ञानात लोक एकटेच लिहितात. अर्थशास्त्रात बऱ्याचदा आद्याक्षरांनुसार नावं लावतात. हे आधी बोललं नाही तर पहिला शोधनिबंध हाच शेवटचा ठरतो. कुणी काय केलं हे नोंदवायची क्रेडिट नावाची १४ भूमिकांची एक प्रचलित यादी आहे. तिचा तक्ता करा आणि दर तीन महिन्यांनी भरा.

त्याच कागदावर हेही लिहा : मूळ नोंदी कुठे राहतील, विद्यार्थी सोडून गेला तर काय, फोटो कोण वापरू शकतं.

पीएच.डी.चा विद्यार्थी जोडणार असाल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत दुसऱ्या विभागाच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या सहमार्गदर्शकाची सोय आहे, सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने. मान्यता नोंदणीच्या वेळीच घ्या.

दोन संस्था असतील तर सामंजस्य करार लागेल. करारात कोणती खोली, कोणतं उपकरण, कोणती व्यक्ती, किती तास, असं लिहा. "परस्पर सहकार्याने ज्ञानवृद्धी" एवढंच लिहिलेला करार मूल्यांकनाच्या फाईलमध्ये शोभतो, बाकी उपयोग शून्य.

७. नैतिकता समिती

"आम्ही तर नुसतं बघणार आहोत, परवानगी कशाला?" असं मीही म्हणाले होते. माणसांचं निरीक्षण आणि मुलाखती यांना समितीची मान्यता घ्याच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचा. समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावेत, सामान्य नागरिकही असावा, हे त्यात आहे. अनेक कला महाविद्यालयांत अशी समितीच नसते, किंवा कागदावर असते. तसं असेल तर भागीदार संस्थेच्या समितीकडे जा आणि ते करारात लिहा.

अर्जासोबत हे द्यावं लागतं :

• संशोधनाचा आराखडा, चार-पाच पानांत
• माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठी आणि हिंदी दोन्हीत
• प्रश्नावली किंवा मुलाखतीचे मुद्दे
• निरीक्षणाचा तक्ता
• सगळ्या संशोधकांचा थोडक्यात परिचय आणि सह्या
• विभागप्रमुखांची संमतीपत्रं
• नोंदी आणि फोटो कसे साठवणार याचं टिपण
• खर्चाचा अंदाज

लहान मुलांशी बोलणार असाल तर पालकांची संमती हवी, आणि ७ ते १८ वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही.

संमतीपत्राची भाषा हा खरा सापळा. आमच्या पहिल्या मसुद्यात "सहभागी व्यक्ती स्वेच्छेने उपरोक्त अभ्यासात..." असं काहीतरी होतं. प्रसाद विकणाऱ्या काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, जमीन-बिमीन लिहून घेता का?" मग आम्ही तो पुन्हा लिहिला, बोलतो तसा. इंग्रजी प्रश्नावली वापरत असाल तर एकानं मराठीत आणावी, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यावी, मग दोन्ही इंग्रजी ताडून बघावीत. काळजी, चिंता आणि टेन्शन हे तीन शब्द आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, हे आम्हाला तेव्हा समजलं.

८. जागेची परवानगी

जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं पत्र घ्या : देवस्थान, पुरातत्त्व, स्थानिक प्रशासन, जे असेल ते. वनजमिनीत पाय टाकायचा असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागतेच. पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पात तर त्याशिवाय विचारही नको. राज्याच्या वन विभागाचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाईन्समध्येच आहे, हा नागपूरकरांचा फायदा. वानराला पकडणं, खुणा करणं, खाऊ देऊन जवळ बोलावणं यातलं काहीही करायचं नाही. आपण मोजायला जातोय, खाऊ घालायला नाही.

९. मोजायला शिका

आमचे विद्यार्थी पहिल्या दिवशी वह्या भरून आले. सगळ्या वह्यांत मारामारी आणि पिशव्या ओढणं. झोपलेलं, पानं खाणारं, पिल्लाच्या उवा काढणारं वानर एकाही वहीत नव्हतं. डोळा जे भडक ते टिपतो. यावर उपाय जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये नीट मांडलाय, आणि तो माणसांनाही लागू पडतो :

एक वानर निवडा, दहा मिनिटं त्याच्यावरून नजर हलवायची नाही, ते करेल ते सगळं लिहायचं. मग दुसरं. किंवा दर पाच मिनिटांनी घड्याळ वाजलं की दिसणाऱ्या प्रत्येक वानराचं त्या क्षणी काय चाललंय ते लिहायचं. कोणतं वानर निवडायचं तेही आधी ठरलेलं हवं, नाहीतर धीट नरच सारखा निवडला जातो.

दोघांनी एकाच वेळी, एकमेकांच्या वहीत न डोकावता नोंदवायचं आणि मग जुळवायचं. जुळणीसाठी कोहेनचा कप्पा नावाचं माप आहे. नुसती टक्केवारी काढू नका, योगायोगानं जुळलेलं त्यात मिसळतं. आमचा कप्पा पहिल्यांदा इतका कमी आला की मी तो सरांना दाखवला नाही. कारण साधं होतं. मी "धमकी" असं लिहीत होते, मॅडम "दात दाखवणे, एकदा" असं लिहीत होत्या. मी मनातलं लिहीत होते, त्या दिसलेलं. वहीत नवा शब्द चढला.

साधनं बहुतेक फुकट आहेत : व्हिडिओवरून नोंदी करायला बोरिस, आकडेवारीला जास्प किंवा आर, संदर्भ सांभाळायला झोटेरो, फोनवर प्रश्नावली भरायला कोबो टूलबॉक्स. दुर्बीण एक असली तरी भागतं.

शब्दांचीही एक गंमत. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. तांबूस, आखूड शेपटीचं ते माकड. गावातल्या म्हाताऱ्यांना हा फरक पक्का माहीत असतो. आमच्या एम.ए.च्या मुलांना नव्हता, आणि एक आठवडाभराच्या नोंदी त्यामुळे फेकाव्या लागल्या.

१०. पैसा

पहिलं वर्ष विनाअनुदान काढा. बस, झेरॉक्स आणि चहा यापलीकडे खर्च नसतो, आणि प्राथमिक नोंदी हातात असल्या की अर्जाला वजन येतं. मग सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद), बोधविज्ञानासाठी (कॉग्निटिव्ह सायन्ससाठी) विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा उपक्रम, आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या योजना बघा. अर्जात "आंतरविद्याशाखीय" हा शब्द एकदाच वापरा. परीक्षकाला दाखवायचंय ते हे, की चौघांपैकी एक गळाला तर काम अडेल.

पैसे कोणत्या संस्थेच्या खात्यात येणार, हे आधीच लेखा विभागाला विचारा. दुसऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्याचा प्रवासखर्च तुमच्या संस्थेतून निघेलच असं नाही. ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम गळ्याशी येते. पैसे कशावर खर्च झाले याचं उपयोगिता प्रमाणपत्र सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-अ नमुन्यात लागतं; प्रत्येक पावती त्याच दिवशी चिकटवून ठेवा. गडाखालच्या चहावाल्याकडे पावती नसते, तो खर्च स्वतःचा समजा.

आणि निबंध छापायला पैसे मागणारी, आठ दिवसांत स्वीकारणारी नियतकालिकं टाळा. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता तुमची तुम्हालाच करायची आहे.

११. नागपूरचं कॅलेंडर

डिसेंबरमध्ये बाहेरचे पाहुणे बोलावू नका. हिवाळी अधिवेशनात गेस्ट हाऊसची एक खोली मिळत नाही आणि सिव्हिल लाईन्सचे रस्ते बंद असतात. हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या काळात कुणीही बैठकीला येत नाही, येणारही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा गडावर वानरं सावलीत निपचित असतात आणि विद्यार्थीही. आमचं खरं काम ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत होतं. बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, ठरलेल्या जागी, कुणी आलं नाही तरी.

१२. गडावर जाताना

रामटेक नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. सकाळी सातला तिथे असा, भाविकांच्या गर्दीआधीचा तास सर्वात मोलाचा. हातात प्लास्टिकची पिशवी नको. डबा, पाणी सगळं चेन असलेल्या पाठपिशवीत. चष्मा दोरीनं बांधा. नोंदी पेन्सिलीनं, कडक पुठ्ठ्यावर. पिल्लू असलेल्या मादीपासून लांब उभे राहा आणि तिच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. चावलं किंवा ओरबाडलं तर लगेच साबणानं भरपूर पाण्याखाली धुऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात, रेबीजची लस घ्यायला. "एवढंसं तर आहे" म्हणायचं नाही. आणि कुणी आजी तुमच्या हातावर केळं ठेवून "दे ना वो, लेकराले दे" म्हणाली, तर केळं घ्या, नमस्कार करा, पाठपिशवीत टाका आणि वहीत वेळ लिहा.